मूळ कोणाकडे आहे?

आमच्या सोसायटीच्या मोबाइल ग्रुपवर रोज सकाळी कोणीतरी उगवत्या सूर्याचं चित्र टाकतं. खाली दोन ओळींचा सुविचार असतो. मग सातआठ जण हात जोडून जातात. आणि त्यांच्या मागोमाग तिसऱ्या मजल्यावरच्या परबांचा प्रश्न येतो : 'मूळ कोणाकडे आहे?'

नव्या भाडेकरूंना वाटतं, परब विनोद करतात. मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग एकदा पहिल्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाईंनी भाबडेपणाने उत्तर दिलं, 'मला बहिणीने पाठवलं.' त्यावर परबांनी विचारलं, 'बहिणीला कोणी?' हे प्रकरण चार दिवस चाललं. नाशिकच्या कुठल्याशा मामेसासूबाईंपाशी माग हरवला, तेव्हा परबांनी शेवटचा शेरा मारला : 'मूळ उपलब्ध नाही. सूर्य ग्राह्य धरू नये.'

दत्ताराम परब छत्तीस वर्षं एका न्यायालयाच्या नक्कल शाखेत होते. ज्यांना कोर्टाची पायरी चढावी लागलेली नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो. निकालाची अधिकृत प्रत हवी असली की अर्ज करायचा, फी भरायची, आणि वाट बघायची. मग आतला एक माणूस ती प्रत मुळाशी शब्द न शब्द ताडून बघतो, खाली 'खरी नक्कल' असा शिक्का मारतो आणि सही करतो. परब तो माणूस. एका निकालात साहेबांच्या हातून वादीचं वय एकशे त्रेपन्न पडलं होतं. परबांनी नकलेतही एकशे त्रेपन्नच ठेवलं. "माणूस जिवंत आहे का, हा माझा प्रश्न नाही," ते मला म्हणाले. "नक्कल खरी आहे."

मी सोसायटीचा सेक्रेटरी असल्याने या निष्ठेची झळ मला नेहमी बसते. पाण्याची टाकी धुणार असल्याची नोटीस मी झेरॉक्स करून वाटतो. एकवीस घरं मुकाट्याने सही करतात. बाविसावं घर विचारतं, "मूळ कोणाकडे आहे?" शेवटी परबांपुरती नोटीस मी हाताने लिहायला लागलो. बहुमताने निवडून आलेल्या माणसाला हे शोभत नाही, पण टाकी तर धुवावी लागते.

तर असे हे परब मला एका रविवारी भर दुपारी अशा जागी दिसले की हातातलं घड्याळ खाली पडायचंच राहिलं.

मालाड स्टेशनच्या पश्चिमेला एक जुनं शॉपिंग सेंटर आहे. पहिल्या मजल्यावर साड्यांना फॉल लावणारी एक बाई, एक होमिओपॅथ, एक घड्याळजी आणि या तिघांच्या मधे, काचेवर आग ओकणारा ड्रॅगन चिकटवलेलं एक दुकान. मी घड्याळाचा पट्टा बदलायला गेलो होतो. ड्रॅगनच्या आतून आवाज आला, "दोघांनीही हात टेबलावर ठेवा. पत्त्यांना कोणी हात लावायचा नाही."

आवाज ओळखीचा होता. मी डोकावलो. आत वीसेक माणसं दोघादोघांच्या जोड्यांनी टेबलांवर बसली होती. मधे परब उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, बगलेत कापडी पुठ्ठ्याची लांब वही. छातीवर पट्टीने चौकट आखून, वळणदार अक्षरात लिहिलेला बिल्ला : 'जज'. आणि एक भरघोस दाढीवाला, संसारी दिसणारा गृहस्थ त्यांना विनवत होता, "जज काका, निकाल द्या ना!"

मी चाट पडलो. ज्या माणसाने छत्तीस वर्षं जजसाहेबांच्या दाराबाहेर फाइल धरून काढली, तो आता स्वतःच जज होता. ड्रॅगनच्या दुकानात.

खेळ साधारण असा आहे. दोघं समोरासमोर बसतात आणि दोघंही स्वतःला मांत्रिक समजतात. प्रत्येकाकडे सुरुवातीला वीस प्राण. हातातला प्रत्येक पत्ता म्हणजे एक मंत्र, आणि मंत्र टाकायला शक्ती खर्च करावी लागते. समोरच्याचे वीस प्राण शून्यावर आणले की जिंकलात. पोरासोरांचा खेळ म्हणून मी नाक मुरडलं, मग बघितलं तर पोर असं तिथे कोणी नव्हतंच. दाढीवाले गृहस्थ दातांचे डॉक्टर होते, मेहता नावाचे. त्यांच्या समोर कांदिवलीची श्रेया, इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. शेजारच्या टेबलावर एका बँकेचा अधिकारी टाय सैल करून राक्षस बोलावत होता.

तंटा असा झाला होता. डॉक्टरांचे तीनच प्राण उरले होते. श्रेयाने आगीचा मंत्र टाकला, बरोबर तीन प्राण जाळणारा. पाठोपाठ दुसरा पत्ता टाकून तिने त्या मंत्राची नक्कल काढली. डॉक्टरांकडे अडवायचा एकच पत्ता होता. त्यांनी विचार केला, मूळ छाटलं की फांदी आपोआप पडेल. त्यांनी मूळ मंत्र अडवला आणि खुर्चीत मागे रेलले. श्रेया म्हणाली, नक्कल अजून आहे. डॉक्टर म्हणाले, मूळच नाही तर नक्कल कसली?

परबांनी वही उघडलीसुद्धा नाही. "नक्कल ज्या क्षणी निघाली, त्या क्षणी ती मुळापासून सुटी झाली. मुळाचं पुढे काय झालं याच्याशी तिचा संबंध नाही. मूळ रद्द. नक्कल कायम. डॉक्टर, तुम्ही मेलात."

"अहो काका, पण कॉमन सेन्स आहे ना यार!"

"कॉमन सेन्स दवाखान्यात. इथे नियम."

"डॉक्टर, उठा आता," श्रेया पत्ते गोळा करत म्हणाली. "चूळ भरा आणि पुढच्या पेशंटला आत पाठवा."

खाली चहाच्या टपरीवर परबांनी मला नकलेचे नियम समजावून सांगितले. ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो हादरा होता, तो मी फक्त आवडत्या गवयाने घराणं बदलल्याचं कळलेल्या संगीतप्रेमींच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

"मंत्राला शक्ती भरावी लागते. नकलेला नाही! फी नाही, अर्ज नाही. ती टाकावीच लागत नाही, ती नुसती निघते. हे वाचलं तेव्हा मी आठ दिवस नीट जेवलो नाही हो."

"मग जेवलात कधी?"

"पुढचं वाचल्यावर. मुळासाठी जे भरलं असेल, जास्तीचं काही दिलं असेल, ज्याच्यावर नेम धरला असेल, ते सगळं जसंच्या तसं नकलेत उतरतं. नेम बदलायची मुभा असेल, तर ती तशी लिहून दिलेली असते. आहे की नाही आमच्या शाखेसारखं? पण मग पुढे काय, तर मूळ आधी आलेलं असून निकाल नकलेचा आधी लागतो."

"ते का?"

"ढिगात ती वर असते म्हणून. साहेबांच्या टेबलावर वेगळं काय होतं? शेवटी आलेली फाइल पहिली." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आणि एक. काम झालं की मुळाचं कार्ड बाद ढिगात जातं. नकलेला कार्डच नसतं. ती नाहीशी होते. कुठे जाते ते नियमात लिहिलेलं नाही. मी दोनदा बघितलं."

मला सगळं उमगल्यासारखं वाटलं. माणसाला हुद्द्याची हौस असते. आयुष्यभर दुसऱ्याच्या निकालांना 'खरी नक्कल' म्हणत काढल्यावर एखाद्याला एकदा तरी आपला निकाल द्यावासा वाटणारच. कोणी निवृत्तीनंतर गृहसंकुलाचा अध्यक्ष होतं, कोणी साहित्य संमेलनाच्या मांडवात सतरंजीवर पहिल्या रांगेत बसतं. परबांनी बिल्ला लावला. मी घरी येऊन बायकोला हे सगळं नक्कल करून दाखवलं आणि आम्ही पोटभर हसलो.

पुढच्याच रविवारी हसू थोडं आवरलं. एक गॉगलवाला माणूस दुर्मिळ पत्त्यांची फाइल घेऊन विकायला आला होता. परबांनी एक पत्ता उचलला, भिंगातून पाहिला, मोबाइलच्या उजेडासमोर धरला, अंगठ्याने कड चाचपली. "हे मूळ नाही. आणि नक्कल आहे असंही यावर कुठे लिहिलेलं नाही. याला नक्कल म्हणत नाहीत, मेल्या, याला लबाडी म्हणतात." परब मूळचे वेंगुर्ल्याकडचे. संताप आला की शुद्ध भाषेला भोक पडून खालची मालवणी दिसते. गॉगलवाला फाइल आवरून जिना उतरला.

म्हणूनच पुढचा धक्का मला पेलवला नाही.

टाकी पुन्हा धुवायची होती. हाताने लिहिलेली नोटीस घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. परब केस कापायला गेले होते. परबकाकूंनी आत बसवलं आणि त्या पाणी आणायला गेल्या. मी जेवणाच्या टेबलाकडे पाहिलं आणि खुर्चीवर बसलो तो घट्ट बसलो.

टेबलावर भिंग होतं. रंगीत पेन्सिली, बोरू, शाईच्या चार दौती. पुठ्ठ्याचे एकाच मापाने कापलेले तुकडे. आणि पत्ते. ओळीने मांडलेले साठेक पत्ते, हाताने काढलेले, हाताने रंगवलेले, मुंगीएवढ्या अक्षरात मजकूर लिहिलेले. एका पत्त्यावरचा समुद्रसर्प कमरेपर्यंत रंगवून झाला होता.

गॉगलवाला आठवला. मूळ कोणाकडे आहे म्हणून आख्ख्या इमारतीला सळो की पळो करणाऱ्या माणसाच्या घरात, माझ्या सेक्रेटरीपदाच्या काळात, बनावट पत्त्यांचा कारखाना! मी उठून उभा राहिलो. कशासाठी ते मला आजही सांगता येणार नाही. बहुधा पोलिसांना फोन करणाऱ्या माणसाने उभं राहावं असं मला वाटलं असेल.

काकू पाण्याचा पेला घेऊन आल्या. त्यांनी माझा चेहरा बघितला.

"काय झाला?"

"काकू, हे… हे परब करतात?"

"करतत ना. दोन वर्षां झाली." त्यांनी पेला माझ्या हातात दिला. "मंदारचे पत्ते ते."

मंदार हा परबांचा एकुलता एक मुलगा. वांद्र्याला राहतो, तिथल्याच एका ऑफिसात चांगल्या नोकरीला आहे. मालाडहून वांद्रे काही परदेशात नाही. तरी तो मला गणपतीत सोडला तर कधी दिसलेला नव्हता. वांद्र्याचं भाडं परवडतं म्हटल्यावर माणूस कामात असणार, असं मी धरून चाललो होतो.

"दहावीत होतो मंदार," काकू सांगू लागल्या. "चाचणीत मार्क कमी पडले. बुटांच्या खोक्यात भरून ठेवलेले पत्ते होते त्याचे. पाच वर्षां जमवलेले. सगळे नियम त्याका तोंडपाठ. वर्गातले पोरगे अडले की त्याकाच विचारीत. ह्येंनी ता खोका उचलला आणि रद्दीवाल्याक दिला. झील शाळेतून इलो तर खोका नाय. रडूक नाय, भांडूक नाय. नुसतो बघीत रवलो. त्या दिवसापासून बापाशी बोलणा बंद. विचारला तर हो, नाय, ठेवलंय. बस. अकरा वर्षां झाली."

ज्या माणसाच्या हातून छत्तीस वर्षांत कागदाचा कपटा हरवला नाही, त्याने आपल्या मुलाचं खोकं रद्दीत दिलं होतं.

"पण काकू, मग यांना कसं आठवतं कुठले पत्ते होते ते?"

काकूंनी टेबलावरच्या भिंगाखालचा कागद पुढे सरकवला. फुलस्केपचा, घड्यांवर फाटायला आलेला. वर लिहिलं होतं, 'नष्ट करावयाच्या कागदांची यादी'. खाली अनुक्रमांक एक ते साठ. प्रत्येकापुढे पत्त्याचं नाव, त्यावरचा मजकूर, चित्राचं वर्णन आणि शेरा. 'डावा कोपरा दुमडलेला.' 'मागे पेन्सिलीने मंदार असे नाव.' 'शाईचा डाग, जांभळा.'

सरकारी दप्तरात कुठलाही कागद नष्ट करायचा झाला तर आधी त्याची यादी करावी लागते. परबांनी तीही केली होती. मुलाचं खोकं रद्दीवाल्याच्या हवाली करण्याआधी, हा माणूस इथेच बसून साठ पत्ते उतरवत होता. रागावलेल्या माणसाला इतका वेळ मिळतो आणि तरी त्याचा हात थांबत नाही, याने मला जितकं हादरवलं तितकं कशानेच नाही.

एवढ्यात परब आले. ताजे केस कापलेले, मानेवर पावडर. मला टेबलापाशी बघून दारातच थबकले. मग चपला नीट जोडीने ठेवल्या आणि येऊन बसले. मला जे सुचलं ते मूर्खपणाचं होतं.

"दुकानात मिळतात की हे. विकत आणून द्यायचे."

"ते दुसऱ्या कोणाचे मूळ असतील. मंदारचे नव्हेत." त्यांनी समुद्रसर्पाची शाई वाळली का ते बोटाने पाहिलं. "मी आधी दुकानात एवढंच विचारायला गेलो होतो. हाताने काढलेली नक्कल खेळात चालते का. मालक म्हणाला, स्पर्धेत नाही, घरी बसून खेळताना चालते. तेवढ्यात तिथे कोणीतरी म्हणालं, मूळ गेलं तरी नक्कल राहते. मला वाटलं थट्टा करतोय. म्हणून नियम वाचायला घेतले. अजून वाचतोय."

त्यांनी एक पूर्ण झालेला पत्ता उलटा करून माझ्या हातात दिला. मागे तो छत्तीस वर्षांचा, जगजाहीर 'खरी नक्कल' शिक्का होता. निवृत्त माणसाने तो कसा मिळवला हे सेक्रेटरी म्हणून विचारायला हवं होतं, ते राहूनच गेलं. शिक्क्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मूळ माझ्या हातून नष्ट झाले.' आणि सही. द. रा. परब.

तयार झालेल्या सगळ्याच पत्त्यांमागे हेच.

"सोबत एक अर्ज जोडायचा विचार आहे," परब म्हणाले. त्यांनी मसुदा दाखवला. 'विषय : खेळावयाच्या पत्त्यांच्या नकला सादर करणेबाबत.'

"अर्ज जोडू नका," मी म्हणालो.

"विनाअर्ज नक्कल द्यायची?"

"तुम्हीच म्हणालात ना, नकलेला अर्ज लागत नाही."

परबांनी मसुद्याची घडी करून खिशात ठेवली.

समुद्रसर्प पूर्ण व्हायला आणखी दहा दिवस लागले. काकू दर दुसऱ्या शनिवारी बांगड्याचं तिखलं डब्यात भरून वांद्र्याला जातात. त्या शनिवारी डब्याखाली बुटांचं एक खोकं गेलं. संध्याकाळी त्या परत आल्या तेव्हा परब गॅलरीत उभे होते. काकूंनी खालूनच हाताने सांगितलं, दिलं. आणखी काही सांगण्यासारखं नव्हतं. मंदारने खोकं घेतलं होतं आणि आत नेऊन ठेवलं होतं.

पहिला रविवार गेला. दुसरा गेला. दुकानात मी आता नियमाने जाऊ लागलो होतो. घड्याळाचे पट्टे सारखे बदलता येत नाहीत, म्हणून कारण न सांगताच. परब निकाल देत, पण आवाजात दम नव्हता. एकदा श्रेयाने पत्ता दाखवून विचारलं तर म्हणाले, "तुला काय वाटतं?" डॉक्टर मेहता मला बाजूला घेऊन म्हणाले, "काकांची शुगर बघून घ्या ना एकदा."

तिसऱ्या रविवारी दोन टेबलांच्या मधे उभे असताना परबांचा मोबाइल वाजला. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं, चष्मा खाली केला, पुन्हा वाचलं. मग माझ्याजवळ येऊन मोबाइल पुढे केला. नाव मंदारचं. त्याआधी त्या खिडकीत एकही ओळ नव्हती. बाबा नाही, नमस्कार नाही. नुसता प्रश्न : 'मूळ मंत्र समोरच्याने अडवला तर त्याची नक्कल राहते का?'

"लिहा, राहते!" मी म्हणालो. "डॉक्टरांना तुम्ही श्वास न घेता सांगितलं होतंत."

परबांनी टाइप केलं. खोडलं. पुन्हा केलं. तोवर शेजारच्या टेबलावर एक मांत्रिक मरून दुसरा डाव सुरू झाला. शेवटी त्यांनी पाठवलेलं उत्तर मी वाचलं आणि माझा विश्वास बसला नाही. 'प्रत्यक्ष पत्ते पाहिल्याशिवाय निकाल देता येणार नाही.'

"परब, हे खोटं आहे. तुम्हाला पाठ आहे नियम!"

"असू दे," ते म्हणाले. "निकाल दिला की प्रकरण बंद होतं."

पुढच्या रविवारी परब दुकानात आले नाहीत. डॉक्टर आणि श्रेया यांच्यात पुन्हा जुंपली आणि निवाडा करायला कोणी नाही म्हणून दोघं माझ्याकडे बघू लागले. मी घाईने निघालो.

घरी आलो तर टाकीची नोटीस पडली होती. एकवीस सह्या झाल्या होत्या. बाविसाव्या प्रतीसाठी मी पेन काढलं, मग आळस आला आणि झेरॉक्सच घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेलो. परबांच्या दारात चपलांच्या जोडीशेजारी बूट होते. आतून तिखल्याचा वास येत होता. मी बेलवर बोट ठेवलं आणि आतला आवाज ऐकून न दाबता तसंच धरलं.

"हा कोपरा कोणी दुमडला?" एक तरुण आवाज.

"मी." हे परब.

"का?"

"मुळात दुमडलेला होता. यादीत आहे."

भांड्याला झारा लागल्याचा आवाज आला.

"बरं," तरुण आवाज म्हणाला. "माझ्या मते मूळ अडवलं की नक्कलही जाते."

"नाही जात."

"कशावरून? दाखवा नियम."

"दाखवतो. थांब हां. बघावं लागेल."

मी बेलवरचं बोट काढलं. आत ती कापडी पुठ्ठ्याची वही उघडल्याचं ऐकू आलं. मग पानं. परबांना त्या वहीतला शब्द न शब्द पाठ आहे. परब पानं उलटत होते, एकेक करून, पहिल्या पानापासून.